वेदना : शून्य

“म्हणजे चार हजार दोनशे बायका खोटं बोलल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?”

डॉ. प्रणव देवस्थळीचा आवाज चढला होता. वॉर्डातल्या दोन-तीन बायकांनी माना वळवून पाहिलं.

समोर मार्था उजगरे बसल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या रुग्णालयात त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली, शेवटची पंधरा मेट्रन म्हणून. निवृत्तीनंतरही त्या रोज दुपारी वॉर्डात येऊन बसत.

बारा वर्षांपूर्वी प्रणव इथं शिकाऊ डॉक्टर होता. टाके कसे तपासायचे, घाबरलेल्या बाईची नाडी कशी धरायची, हे त्याला मार्था सिस्टरनीच शिकवलं. आता तो शहरातल्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होता.

रुग्णालयाच्या संगणकातल्या चौदा वर्षांच्या नोंदी त्यानं एआयकडून वाचून घेतल्या होत्या. त्यातून एक गोष्ट निघाली. वरच्या आदिवासी पाड्यांवरच्या बायकांना, चार हजार दोनशे जणींना, सिझरनंतर जवळजवळ दुखतच नाही.

शोधनिबंध तयार होता. रुग्णालयाच्या विश्वस्तांनाही तो पटला होता. सोमवारपासून पाड्यावरच्या बाईला दुखणं थांबवायचं इंजेक्शन एकच दिवस, आणि तिसऱ्या दिवशी घरी.

“खोटं नाही बोलल्या,” सिस्टर म्हणाल्या. “एक नोंद दाखव मला. कुठलीही.”

प्रणवनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नाव झाकलेलं. वय बावीस. सिझर, दुसरा दिवस. वेदना, दहापैकी : शून्य. खाली नोंद करणाऱ्याचा कोड.

“हा कोड कुणाचा?”

“तुमचाच. सगळ्यात स्वच्छ नोंदी तुमच्या आहेत, सिस्टर. एकही रकाना रिकामा नाही. निबंधात तुमचे आभार मानलेत मी.”

सिस्टरनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“मी तिला विचारलं नव्हतं.”

“...म्हणजे?”

“साठ खाटा आणि पाळीला आम्ही दोघी नर्स. मला त्यांची पावरी बोली येत नव्हती, त्या बाईला मराठी. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. ती ओरडत नव्हती... मी शून्य टाकलं.”

“एकदा?”

“रोज.”

प्रणवनं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. मग सावरून म्हणाला, “एका माणसाच्या चुकीनं फारसं बिघडत नाही, सिस्टर. एवढ्या नोंदींत ती बुडून जाते. चौदा वर्षांत चाळीस नर्स झाल्या इथं. त्यांनीही शून्यच लिहिलंय.”

“त्यांना कुणी शिकवलं?”

तो पडद्यावरच्या कोडकडे पाहू लागला.

“शिकाऊ डॉक्टरही लिहायचे,” सिस्टर हळूच म्हणाल्या.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं स्वतःचा जुना कोड आठवून टाइप केला. तीनशे अठरा नोंदी उघडल्या. तो त्या एकेक करून खाली सरकवत गेला. शून्य. शून्य. शून्य. एका ठिकाणी दोन होतं. पुन्हा शून्य.

त्यातल्या एकीचाही चेहरा त्याला आठवेना.

“मी विचारलं असेल, सिस्टर... मी तर...”

सिस्टर त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“नाही विचारलं,” तो म्हणाला.

त्यानं ती यादी बंद केली. मग तो घाईघाईनं बोलू लागला. “हा रकानाच काढून टाकतो. वेदना वगळून एआयचं मॉडेल पुन्हा चालवतो. बाकीची माहिती चांगली आहे, ती वाया जाणार नाही...”

सिस्टर उठल्या. भिंतीजवळचं स्टूल त्यांनी स्वतः उचललं, सात नंबरच्या खाटेपाशी नेऊन ठेवलं, आणि आयाला हाक मारली. आया गुमानीबाई वरच्याच पाड्यातल्या.

खाटेवर रायली पावरा होती. कालच सिझर झालेलं. ती उताणी पडून छताकडे पाहत होती. लुगड्याचा काठ मुठीत गच्च धरलेला. उशाशी लावलेल्या तक्त्यावर सकाळच्या नर्सनं लिहिलं होतं : शून्य.

प्रणव स्टुलावर बसला.

“विचारा तिला, दुखतंय का.”

गुमानीबाईंनी पावरीत विचारलं. रायलीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. मग अगदी हलक्या आवाजात तिनं उलट काहीतरी विचारलं.

“काय म्हणाली?”

गुमानीबाई जरा घुटमळल्या.

“विचारते, मी मरणार आहे का?”

“असं का विचारते ती?”

“डॉक्टर बसून विचारतोय, म्हणून.”

प्रणवनं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग तो म्हणाला, “तिला सांगा, नाही मरणार. सांगा... नुसतं विचारतोय.”

गुमानीबाईंनी सांगितलं. रायली डॉक्टरकडे एकटक पाहत राहिली. मग तिची मूठ सुटली. तिनं हात ओटीपोटावर ठेवला, तिथून कमरेकडे नेला, आणि बोलायला लागली. गुमानीबाई मराठीत सांगताना मागं पडत होत्या. शेवटी त्यांनी सांगायचं थांबवलं. आता ती रडत होती, आणि ते काही सांगावं लागत नव्हतं.

प्रणवनं नर्सला बोलावून इंजेक्शन द्यायला लावलं. मग व्हरांड्यात जाऊन विश्वस्तांना फोन केला. सोमवारचा निर्णय थांबवा म्हणाला. का, ते सांगताना त्याचा आवाज बाहेरून आत ऐकू येत होता : “नाही, यंत्र नाही चुकलं. आम्ही चुकलो... हो, मीही.”

परत आला तेव्हा रायलीला झोप लागली होती.

“निबंध पाठवत नाही,” तो म्हणाला. “पण त्या चार हजार दोनशे, सिस्टर... कुणी पुन्हा बाळंत झाल्या असतील, कुणी गेल्याही असतील. त्यांना आता कुठं शोधू मी?”

सिस्टर त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होत्या.

“आठ नंबरची जागी आहे.”