सामानाजवळची जागा

"...आणि मग आईला दिवसभर तुमच्याजवळ बसवलं, तर चालेल ना माई?"

माईंनी हातातली वालाची शेंग सोलली, दाणे परातीत टाकले आणि विचारलं, "कुणाची आई?"

"माझीच."

"चालंल की. पर निस्तं बसायला येवढ्या लांब कशाला आणतुस तिला? घरी बसाया जागा न्हाई व्हय?"

हृषीकेश ढमढेरे हसला. माई थट्टा करतायत असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

घुमटगडाच्या पायथ्याशी माईंचा मठ आहे. मठ म्हणजे एक समाधी, दोन खोल्या आणि बाहेर वडाचा पार. सुट्टी मिळाली की मी तिथं जाऊन राहतो आणि माई देतील ते काम करतो. त्या रविवारी सकाळी वाल सोलायचं काम होतं, म्हणून ही सगळी हकीकत मला समोर बसून बघायला मिळाली.

हृषीकेश पुण्याचा. एक ट्रेकिंगचा ग्रुप चालवतो. आपले बूट लागले नाहीत असा गड महाराष्ट्रात नाही, हे तो कुणी न विचारता सांगतो. मागे एकदा त्यानं माईंचे पाय धरले होते, मला शिष्य करून घ्या म्हणून. माई म्हणाल्या, आधी चहाची भांडी विसळ. त्यानं विसळली, आणि तेव्हापासून तो स्वतःला त्यांचा शिष्य समजतो. माईंनी कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी तो पहिल्यांदाच घरच्यांना घेऊन गडावर येणार होता. बायको मृणाल, दोन मुलं, धाकटा भाऊ, भावजय आणि आई.

"मृणाल किती वर्षं मागे लागलीय," तो म्हणाला. "परक्यांना गड दाखवता, आम्हाला कधी दाखवणार? तर आता दाखवतोच. पहाटे निघायचं. उन्हाच्या आत पहिला दरवाजा. पाण्याच्या टाक्याजवळ नाश्ता. मग बालेकिल्ला, तोफ, धान्याचं कोठार, मागची चोरवाट, सगळं! एकही जागा सोडायची नाही. गड कसा पूर्ण झाला पाहिजे."

"आन आई?"

"आईचे गुडघे दुखतात हो. ती स्वतःच म्हणाली, तुम्ही जा, मी बसते सामानाजवळ."

"बरं."

"आमच्याकडे आधीपासून असंच आहे. बाबा होते तेव्हाही सहलीला गेलो की आई सामानाजवळ. तिला आवडतं तसं निवांत बसायला."

माईंचा हात थांबला.

"आवडतं?"

"हो."

"तसं बोलली ती?"

"बोलली नाही... पण तिची कधी तक्रारच नसते."

माईंनी पुढची शेंग घेतली. मीही घेतली.

"आत्ता कुठं निघालास?" माईंनी विचारलं.

"वर. पायलट करून येतो."

हा पायलट म्हणजे माणूस नव्हे. लोकांना न्यायच्या आधी एकट्यानं येऊन वाट, पाणी, सावली, घसरडी जागा सगळं तपासून जायचं, त्याला ही मंडळी पायलट म्हणतात. हृषीकेशनं ते माईंना हातवारे करून समजावून सांगितलं. माईंनी अगदी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.

"म्हंजी मंडळी जिथं जिथं जानार, ती समदी जागा तू आधी सोता बघनार."

"अर्थात! न बघितलेल्या जागी मी कुणालाही नेत नाही. तो माझा नियमच आहे माई."

"झ्याक नियम हाय."

माई उठल्या. पारापाशी गेल्या, पदरानं पाराचा एक कोपरा झटकला आणि म्हणाल्या, "मग बस हितं."

"इथं?"

"ही तुझ्या आईची जागा. बघून घे."

हृषीकेशनं पाराकडे पाहिलं, वडाकडे पाहिलं. "बघितली की. सावली आहे, पाणी जवळ आहे. मस्तच आहे."

"तिनं दिसभर बसायचंय. तूबी दिसभर बस."

"आणि गड?"

"गड तू बघितलायस."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खाली मान घालून वाल सोलले. स्वतःचा नियम स्वतःच सांगून बसला होता बिचारा, आता पळून जाणार कुठे? त्यानं पाठीवरची सॅक काढली आणि पारावर बसला. मला फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीला त्याचं बरं चाललं होतं. वडाला पाठ टेकून पाय पसरले. मोबाईल काढला, रेंज नव्हती, परत ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट सांगितली. बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

मग चाकणकडचं एक मोठं कुटुंब आलं. त्यातल्या बाईंनी त्याला पाहिलं आणि विचारलं, "दादा, तुम्ही इथंच बसणार ना?"

"हो, म्हणजे तसा मी ट्रेक लीडर आहे..."

"मग बरंच झालं. ह्या पिशव्या राहू देत हं तुमच्याजवळ."

चार पिशव्या, एक स्वेटर आणि एक कलिंगड त्याच्या शेजारी ठेवून मंडळी वर गेलीसुद्धा. ट्रेक लीडर कशाचा, हे कुणी विचारलं नाही.

पिशव्या दिसल्या की तिथं आणखी पिशव्या येतात. पुढच्या मंडळींनी चटई ठेवली. त्यापुढच्यांनी बॅट, स्टंप आणि खाऊचं खोकं. एका आजोबांनी तर काही न बोलता छत्री आणून ठेवली आणि निघून गेले. थोड्या वेळानं हृषीकेश दिसेनासा झाला, म्हणजे सामानामागे गेला.

मग माकडं आली.

ही माकडं आमच्या ओळखीची. माणसाच्या तोंडाकडे बघून ती त्याची पारख करतात. त्यांनी हृषीकेशच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ खोक्यावर झडप घातली. तो ओरडला, त्यानं स्टंप उपसला, पाराभोवती दोन फेऱ्या मारल्या. एक माकड वेफर्सचं पाकीट घेऊन वडावर गेलं आणि वरून त्याच्याकडे बघत बघत खात बसलं.

"आता त्या लोकांना मी काय सांगू?" तो मला म्हणाला. त्याचा चेहरा खरंच रडवेला झाला होता.

त्यानंतर तो सामानाजवळून हलेना. बराच वेळ अस्वस्थपणे चुळबुळ करत राहिला. शेवटी माझ्याकडे बघून करंगळी वर केली. मी मान डोलावली आणि त्याच्या जागी जाऊन बसलो. तो पळतच गेला आणि पळतच आला.

ऊन चढलं. वरून कुठूनतरी घोषणा ऐकू आली, मागोमाग बऱ्याच जणांचा एकदम हसण्याचा आवाज आला. हृषीकेश उठला. पाराच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला, वाकून बघितलं, टाचा उंचावून बघितलं.

"माई, इथून गड दिसतच नाही!"

"न्हाई दिसत. मधी टेकाड हाय."

"थोडासुद्धा नाही?"

"थोडाबी न्हाई."

तो खाली बसला. इतक्या वेळा या वडाखालून गेलेला माणूस, पण इथून गड दिसत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. तो या पारावर कधी बसलाच नव्हता, त्याला कसं ठाऊक असणार?

दुपारी माईंनी त्याला भाकरी आणि वालाची उसळ नेऊन दिली. हृषीकेश गप्प बसून जेवतोय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

उन्हं कलताना चाकणची मंडळी उतरली. तोंडं लाल झालेली, केसांत गवत, आवाज बसलेले. सगळी एकमेकांशी एकदम बोलत होती. "त्या टाक्याजवळ हा कसा आपटला!" असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे पोट धरधरून हसायला लागले.

हृषीकेशही हसला. मग पुढे होऊन त्यानं विचारलं, "काय झालं टाक्याजवळ?"

"अहो काही नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "ते सांगून नाही समजायचं. तिथं असायला पाहिजे होतं तुम्ही."

त्यांनी पिशव्या उचलल्या, थँक्यू दादा म्हणाल्या, कलिंगडाची एक फोड कापून त्याच्या हातात दिली आणि मंडळी गाडीत बसून गेली.

तो फोड हातात धरून उभा राहिला. ज्या टाक्यावर त्यानं ढीगभर लोकांना भाषण दिलंय, त्या टाक्याजवळ आज काय झालं हे त्याला कुणी सांगत नव्हतं. मला त्याची दया आली. सकाळची मजा कुठल्या कुठे गेली.

शेवटी एक उशिराचं कुटुंब आलं. त्यांना फक्त जवळच्या बुरुजापर्यंत जाऊन यायचं होतं. नवरा मोठा मोकळा माणूस होता. त्यानं डब्याची पिशवी आणि पाण्याचा कॅन पारावर ठेवला आणि हृषीकेशला म्हणाला, "चला की आमच्याबरोबर! एकटेच काय बसलाय?"

हृषीकेश म्हणाला, "नाही नाही, तुम्ही जा. मी बसतो सामानाजवळ."

"बरं," तो माणूस म्हणाला आणि वळला.

हृषीकेश त्याच्या पाठीकडे बघत राहिला. तो माणूस पायवाटेला लागला, झाडीआड गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

...

"माई," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"काय रं?"

"आई पण असंच म्हणते."

"कसं?"

"तुम्ही जा. मी बसते."

"आन मग?"

"मग... आम्ही जातो."

हृषीकेशनं हातातली फोड पारावर ठेवली आणि मनगटानं डोळे पुसले.

"मला आत्ता वाटलं," तो म्हणाला, "त्यानं अजून एकदा विचारावं. एकदाच. मी लगेच उठलो असतो माई. आईला आम्ही दुसऱ्यांदा कधी विचारलंच नाही. बाबांनी नाही, मी नाही."

"आता इचार."

"विचारतो. आजच विचारतो."

"ती न्हाईच म्हनंल."

"म्हणेल. मग तिसऱ्यांदा विचारीन."

माई गालातल्या गालात हसल्या. मठात जाऊन त्यांनी तीन कप चहा आणला. चहा पोटात गेला तसा हृषीकेश पुन्हा पहिल्यासारखा दिसायला लागला. डोळे चमकले, हात हलायला लागले. त्याच्या डोक्यात आखणी सुरू झाली होती.

"घरचे जिने ती चढते, माई. कठड्याला धरून, सावकाश. म्हणजे काठी दिली तर जमेल. माझी काठी देतो, उंची कमीजास्त होते तिची. पहिल्या चढानंतर कातळावर बसता येईल. मग त्या जांभळीखाली. भाऊ मागे, मी पुढे... नाही, मी तिच्याबरोबर. पहाटे नको, तिला सकाळी चहा झाल्याशिवाय चालवत नाही. ती थांबेल तिथं सगळे थांबू. मुलांना सांगतो, आजीच्या पुढे पळायचं नाही."

"सांग."

"ती आली तर मृणालला काय आनंद होईल! आणि पोरं तर..."

तो बोलता बोलता अडखळला. कपाळाला आठी पडली. त्याच्यातला ट्रेक लीडर जागा झाला होता.

"पण माई, एक अडचण आहे."

"काय?"

"तिच्या चालीनं गेलो, तर पहिल्या दरवाजाशी पोचायलाच दुपार होईल. तिथं उंबऱ्यावर बसून डबा खायचा आणि मागे फिरायचं. त्याच्यापुढं जाणं शक्यच नाही. टाकं राहिलं, तोफ राहिली, बालेकिल्ला तर लांबच. मुलांना पहिल्यांदा गडावर आणायचं आणि..."

तो उठून उभा राहिला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

"अर्धासुद्धा गड होणार नाही हो माई!"

माईंनी त्याच्या हातातला रिकामा कप घेतला.

"त्या दिशी गडच तेवढा आसंल."