सात टोप्यांची कसर

लहानांनो, थोरांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. एका थंड, डोंगराळ राज्यात सात गावं होती आणि त्या सात गावांच्या सात टोप्या होत्या.

टोप्या नमद्याच्या होत्या. लोकर भिजवायची, तुडवायची, दाबून दाबून तिचा जाड थर करायचा, तो नमदा. पूर्वजांनी आपापल्या मेंढरांच्या लोकरीतून त्या घडवल्या होत्या. वर्षातून एकदा सात गावांचे सात पाटील त्या डोक्यावर घालून न्यायाला बसत. टोपीवाचून दिलेला निवाडा कुणी मानत नसे.

टोप्या राजाच्या वाड्यातल्या एका खोलीत, पेटीत ठेवलेल्या असत. त्यांचा राखणदार होता सटवाजी. माणूस प्रामाणिक, पण भलताच शंकेखोर. वाऱ्यानं दार हललं तरी "कोण आहे रे?" म्हणून ओरडायचा.

नमदा करणाऱ्या घरातली गोजरा नावाची एक विधवा दर पंधरा दिवसांनी तिथं येई. टोप्या अंगणात उन्हात मांडी, राठ केसांच्या कुंचल्यानं आतून बाहेरून झाडी आणि पुन्हा पेटीत ठेवी. तिच्या आधी तिची सासूही हेच करायची. हे कशासाठी, असं सटवाजीनं कधी विचारलं नव्हतं.

एके दिवशी त्याला एका टोपीवर मसुराएवढं भोक दिसलं. दुसऱ्या टोपीवर आणखी दोन.

त्या मुलखात एक समजूत होती. या टोप्यांची चिमूटभर लोकर आजारी मुलाच्या मनगटाला बांधली, की ताप उतरतो म्हणे. आणि गोजराची नात तर नुकतीच तापातून उठली होती. झालं! सटवाजीच्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या वेळी गोजरा काम संपवून निघाली, तेव्हा त्यानं तिला पहारेकऱ्यांदेखत दारात अडवलं.

"पदर झाड."

तिनं पदर झाडला. लोकरीची चार कुसं खाली पडली.

"सापडलीस!"

"दादा, लोकर झाडणाऱ्याच्या अंगावर लोकर उडणारच की."

"आणि ही भोकं?"

गोजरानं टोपी उजेडात धरून निरखली. "कात्रीनं कापलं असतं तर कड सरळ असती. ही कुरतडलेली आहे. नात तापानं फणफणली होती, माझ्या दोन खेपा चुकल्या. तेवढ्यात कसर लागली. बारीक अळी असते, लोकरीवरच जगते. अंधारात, जिथं कुणी हात लावत नाही, तिथं फोफावते. आता रोज ऊन दाखवा, मी येत जाईन."

"कात्रीची कड कशी असते, हे तुला बरं ठाऊक!"

गोजरानं कुंचला उंबऱ्यावर ठेवला आणि ती निघून गेली. गोष्ट गावभर झाली. पाणवठ्यावर ती दिसली की बायका बोलायच्या थांबू लागल्या. तिच्याकडून नमदा घेणारेही कमी झाले.

इकडे सटवाजीनं पेटीवर लाखेची मोहर लावली. खिडकी चिखलानं लिंपून टाकली. चोराचं पाऊल उमटावं म्हणून जमिनीवर राख पसरली आणि दाराला कुलूप घातलं. तरी जिवाला स्वस्थता नव्हती. पहारेकरी एकमेकांशी कुजबुजतात, म्हणून त्यानं त्यांना घालवलं आणि स्वतःच दाराशी ठाण मांडलं. बायको भाकरी घेऊन आली तरी विचारायचा, "फटीतून आत काय बघतेस?"

रोज सकाळी तो फटीतून राख बघे. राखेवर कसलाच ठसा नसे. मग तो राजाला सांगे, "महाराज, चोर गेली आणि चोरी थांबली."

सात महिन्यांनी न्यायाचा दिवस उजाडला. त्या वर्षी दोन गावांत एका झऱ्याच्या पाण्यावरून वाद पेटला होता. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊनच आली होती.

राजानं स्वतःच्या हातानं मोहर फोडली. झाकण उघडताच कसरीचे, वाळल्या गवताच्या रंगाचे बारीक बारीक पतंग भुरकन उडाले. पहिल्या पाटलानं टोपी उचलली, तर काठ हातात राहिला आणि बाकीची टोपी पेटीत पडली. उरलेल्या टोप्यांची चाळण झाली होती.

"आत कोण आलं होतं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

राजा राखेकडे बघत होता. "आपण आत्ता आलो ती सोडली तर माणसाचं पाऊलच नाही इथं," तो हळूच म्हणाला.



टोप्यांवाचून न्यायसभा बसलीच नाही. त्याच दुपारी झऱ्यावर काठ्या चालल्या. दोन माणसं जन्माची पांगळी झाली.

दुसऱ्या दिवशी सटवाजी गोजराच्या दारात उभा राहिला. ती नातीला भरवत होती.

"गोजरा, माझी चूक झाली. चोर तू नव्हतीस."

"हे माझ्या दारात कशाला सांगता, दादा? चोर तर मला चार लोकांत म्हणाला होतात."

तो खालमानेनं पाणवठ्यावर गेला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं आपली चूक बोलला.

गोजरानं सातही गावांची लोकर आणवली आणि वर्षभर खपून सात नव्या टोप्या करून दिल्या. राजानं तिला पूर्वीचं काम पुन्हा घ्यायला सांगितलं. ती हात जोडून म्हणाली, "टोप्या केल्या, महाराज. पण जिथं माझा पदर झाडायला लावला, तो उंबरा मी आता ओलांडणार नाही."

तिनं शब्द पाळला. सटवाजीनं खिडकीचा चिखल फोडला. दर पंधरा दिवसांनी तो म्हातारा स्वतः टोप्या अंगणात मांडून झाडत बसे, आणि येणारा जाणारा त्याला बघत असे.

तात्पर्य: खरं कारण न शोधता संशय घेतला, की राखणारा हात घराबाहेर जातो आणि खाणारं तोंड घरातच राहतं.