अश्वपद्रावर थांबलेला रथ

आपला हा कल्प सुरू होण्याआधी जो कल्प लयाला गेला, त्यातल्या देवांची नावे आज कोणाच्या मुखी नाहीत. त्या काळी पृथ्वीच्या चारही दिशांना काळ्या जळाचा समुद्र पसरलेला होता, आणि तिच्यावरून रोज दीप्तनेमी नावाचा सूर्यदेव प्रवास करीत असे. त्याच्या रथाच्या चाकांवर वितळत्या सोन्याची धाव कड्यासारखी चढवलेली होती. घोडे तांबूस, आयाळीतून ठिणग्या झडणारे. रथाचा गडगडाट असा की वर बसलेल्याला पृथ्वीवरचा एकही आवाज ऐकू येत नसे. सारथी देवाकडे पाठ करून बसे. त्या तेजोमय मुखाकडे पाहिल्यावर डोळे शाबूत राहिलेला कोणी तिन्ही लोकांत नव्हता.

हा सारथी नेहमी अश्वपद्र नावाच्या गावातून निवडला जाई. तिथले लोक पिढ्यान्पिढ्या घोडे वाढवीत आणि शिकवीत. निवड झालेला तरुण सासरी निघालेल्या मुलीसारखा घरातून निरोप घेई. फरक एवढाच की मुलगी सणावाराला माहेरी येते, सारथी कधीच परतत नाही. या कथेतला सारथी सुवल्ग हा शिलावती नावाच्या विधवेचा एकुलता मुलगा. निघताना तिने त्याला फार काही सांगितले नाही. रोज दुपारी अंगणात पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ ठेवीन, ते वरून चमकेल, म्हणजे मी आहे असे समज, एवढेच ती म्हणाली.

तेव्हापासून रोज माध्यान्ही रथ अश्वपद्रावरून जाई आणि सुवल्ग खाली पाही. दाण्याएवढी घरे, रेघेएवढी नदी, आणि त्यांत एक लखलखता ठिपका. तो दिसला की त्याचा दिवस पुरा होई. पापणी लवेपर्यंत गाव मागे पडलेले असे.

एकदा पश्चिम समुद्राच्या तोंडाशी धूम्रजिव्ह नावाचा असुर धुक्याचे रूप घेऊन रथावर कोसळला. त्याने सुवल्गाचे दोन्ही हात बांधले आणि घोड्यांना अंधाराच्या दरीकडे ओढू लागला. सुवल्गाने लगाम दातांत धरला. ओठ फाटले, जबड्यातून रक्त वाहू लागले, पण त्याने लगाम सोडला नाही, आणि रथ दरीच्या काठावरून वळला. त्या रात्री दीप्तनेमी प्रसन्न होऊन म्हणाला, "सारथ्या, तुझ्या निष्ठेने हा लोक तरला. इच्छित वर माग."

अश्वपद्राच्या लोकांत एक रीत होती. सेवा केली त्याच दिवशी धन्याकडे काही मागायचे नाही. त्या दिवशी मागितलेले ते दान राहत नाही, मजुरी होते. सुवल्ग म्हणाला, राहू द्या देवा, लागेल तेव्हा मागेन. देवाने तथास्तु म्हटले. तो वर मग सुवल्गापाशी पडून राहिला, जसे घरात एखादे शस्त्र पडून राहते.

अनेक वर्षांनी एका ग्रीष्मात दुपारी सुवल्गाने खाली पाहिले, आणि अंगणात काही चमकले नाही. घाईत नजर चुकली असेल, असे त्याने मनाला समजावले. दुसऱ्या दिवशीही ठिपका नव्हता. त्यानंतरही नव्हता. त्याची झोप उडाली. मग एका पहाटे रथ जोडताना घोड्यांनी गवताला तोंड लावले नाही. सर्वांत पुढचा घोडा जमीन हुंगत राहिला आणि दोनदा मागे सरला. जाणत्या माणसाने त्यातून काही ओळखले असते. सुवल्ग जाणता होता, पण त्या दिवशी तो फक्त मुलगा होता.

रथ आकाशमध्याकडे चढू लागला तसा तो मागे न वळता म्हणाला, "देवा, माझा वर अजून बाकी आहे. आज अश्वपद्रावर रथ थांबू दे. माझी आई अंगणात येऊन मला दिसेपर्यंत थांबू दे. नंतर मी काहीही मागणार नाही."



"सुवल्गा," दीप्तनेमी म्हणाला, "मी चालतो म्हणून देव आहे. ज्याच्यावरून जातो त्याला मी प्रकाश वाटतो. थांबलो की मी केवळ अग्नी. दुसरे काही माग. तिची वार्ता माग, तिचे आयुष्य माग."

सुवल्ग म्हणाला की वार्ता ऐकून त्याचे समाधान होणार नाही. इतकी वर्षे त्याने आईला ठिपक्याएवढे पाहिले आहे. एकदा तिला माणसाएवढे पाहायचे आहे.

"दिलेला वर मला मागे घेता येत नाही," देव म्हणाला, "आणि मागितलेला तुलाही घेता येणार नाही. हे ऐकूनही मागतोस?"

"मागतो," सुवल्ग म्हणाला.

घोड्यांचे खुर आकाशात रुतल्यासारखे थांबले. चाके थांबली. सृष्टीच्या आरंभापासून चाललेला तो गडगडाट बंद झाला, आणि त्या निःशब्दतेत सुवल्गाला रथावरून पृथ्वीचा आवाज प्रथमच ऐकू आला. कुठे कुत्रे भुंकत होते, कुठे रहाट करकरत होता. मग माणसांचे बोलणे स्पष्ट होत गेले, आणि नजर स्थिरावली तशी माणसेही माणसांएवढी दिसू लागली. गावाने वर पाहिले होते आणि रथ थांबल्याचे ओळखले होते.

दुसऱ्या कोणत्याही गावाचे लोक घाबरून घरात शिरले असते. अश्वपद्राचे लोक बाहेर आले. आपला मुलगा गावासाठी थांबला, एवढेच त्यांना कळले. कोणी शिंग फुंकले, कोणी ढोल बाहेर काढला. बायका आरतीची तबके घेऊन धावल्या. एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून शेजारणीला म्हणत होती, "शिलावतीचं पोर गं. देवाच्या पंगतीला बसून वाळलंय बघ." शेजारीण म्हणाली, "तुला काय दिसतंय एवढ्या लांबून? स्वतःच्या उंबऱ्याला ठेचकाळतेस रोज." दोघी हसल्या. सुवल्गही हसला. त्याची नजर आपल्या अंगणावर होती. अंगण मोकळे होते, दार लोटलेले होते.

आधी नदीचे पाणी मागे सरले. मग झाडांची पाने हिरवीच असताना वाजू लागली. तबकांतली फुले काळी पडली, आणि ढोल वाजवणाऱ्याने हात झटकून ढोल खाली टाकला, कारण त्याचे कातडे तडकले होते. त्या हसणाऱ्या दोघींपैकी एक खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. लोक घरांकडे पळाले, तोवर गावाच्या कडेच्या छपराने पेट घेतला होता.

सुवल्गाने आसूड उगारला. त्याने घोड्यांना नावे घेऊन हाका मारल्या, प्राणपणाने मारले. घोडे थरथरले, पण पाऊल उचलेनात. "देवा, चला," तो म्हणाला. "मला नको काही. चला."

"तुझी माता अजून अंगणात आलेली नाही," मागून आवाज आला. त्यात क्रोध नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

गावाबाहेर कौलिंद नावाचे ऋषी राहत. त्यांनी ध्यानात पाहून वराचे शब्द जाणले आणि भिजवलेले कांबळे डोक्यावर घेऊन ते शिलावतीच्या घरात शिरले. कांबळे दारातच कोरडे झाले. कित्येक दिवस ज्वराने खिळलेली शिलावती अंथरुणावर पडली होती. त्या निःशब्द आकाशातून सुवल्गाला त्यांचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

तिने विचारले, महाराज, आज एवढं ऊन कशाचं? ऋषी म्हणाले, सूर्य थांबला आहे. कुणासाठी, असे तिने विचारले तेव्हा ऋषींनी मान खाली घातली. ती थोडी हसली.

"माझ्यासाठी होय. लहानपणी असाच होता. मी समोर बसल्याशिवाय घास तोंडात घ्यायचा नाही." मग तिने विचारले, "मी दिसेपर्यंत थांबायचं म्हणाला असेल?"

"होय, माते."

"मग तुम्ही बसून काय राहिलात? दार उघडा."

वर सुवल्ग ओरडत होता, आई, बाहेर येऊ नकोस. पृथ्वीचा आवाज आकाशात पोचत होता, पण आकाशातून खाली केवळ ताप पोचत होता. आणि तो ओरडत असतानाच दुसरे छप्पर पेटले, मग तिसरे. आतून लहान मुलांचे रडणे येत होते. त्याने ओरडणे थांबवले. आई येऊ नये असे म्हणावे, तर ती मुले मरत होती. यावी असे म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्याने फक्त पाहिले, कारण त्याने मागितलेला वर पाहण्याचाच होता.

ऋषी हात द्यायला पुढे झाले. तिने त्यांना उंबऱ्याच्या आतच राहायला सांगितले. भिंत धरून, मग रांगत, ती अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि तोंड वर करून बसली. ती फार लहान झाली होती. केस पांढरे, हात काटकुळे. आपण गेलो तेव्हा ती कशी होती, ते सुवल्गाला त्या क्षणी आठवेना.

"पाहिलंस ना?" ती म्हणाली. "आता जा, बाळा. आणि पुन्हा कुणासाठी थांबू नकोस. माझ्यासारखी दुसरी कुणी असेल, तिच्यासाठीसुद्धा नाही."

रथ हलला. गडगडाट पुन्हा सुरू झाला आणि पृथ्वीचे आवाज त्यात बुडाले. सुवल्गाने पुन्हा खाली पाहिले तेव्हा अंगणात कोणी बसलेले नव्हते. अंगण फक्त पांढरे दिसत होते.

त्या सायंकाळी समुद्रकाठी त्याने लगाम दीप्तनेमीच्या चरणांशी ठेवला. डोळे मिटून तो म्हणाला, "मला शाप द्या, भस्म करा, किंवा मोकळे करा. पण हे हात आता या रथाला नकोत."

देव म्हणाला, "तुझ्या आधी जे सारथी झाले, त्या प्रत्येकाने एकदा तरी खाली पाहून लगाम आवळण्याचा विचार केला होता. तुझ्या नंतर येणाराही करील. आता तो विचार ज्याच्या मनात कधीच येणार नाही, असा एकच सारथी त्रैलोक्यात आहे. तुझ्या मातेने तुला आज्ञा दिली. मी त्या आज्ञेला काळाचे बळ देतो. कल्प संपेपर्यंत हा लगाम तुझ्याच हातात राहील."

सुवल्गाने लगाम उचलला. वर होता की शाप, हे त्याने विचारले नाही.

अश्वपद्राचे वाचलेले लोक दूर जाऊन राहिले. त्या जागी गवताची काडीही पुन्हा उगवली नाही. त्यानंतर त्या कल्पात कोणत्याही राजाच्या यज्ञाने, कोणत्याही ऋषीच्या तपाने, कोणाच्याही विनवणीने सूर्याचा रथ क्षणभर थांबला नाही. ज्या घरातून प्रेत उठे, त्या घरावरही दुसऱ्या दिवशी ऊन वेळेवर येई. शोक करणारे म्हणत, याला कसे उगवावेसे वाटले? मग घरातले कोणी वृद्ध माणूस त्यांना दाराआड घेई आणि हलक्या आवाजात सांगे, त्याला दोष देऊ नका. तो एकदा थांबला होता.