कोठारातले गोटे

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक सामाईक कोठार होतं. ज्याच्या घरी पिकलं त्याने तिथे ज्वारी घालावी, ज्याची चूल अडली त्याने तिथून न्यावी, असा रिवाज. कोणी घातली आणि कोणी नेली, हे मात्र गावात कोणालाच कळत नसे.

त्याची युक्ती साधी होती. गावात नवी सून आली की टोपल्या विणणारी एक म्हातारी तिला झाकणाची दुरडी देई. दर सोमवारी घरोघरच्या बायका ती दुरडी डोक्यावर घेऊन कोठाराशी जात. एकेकीने आत जायचं आणि दार ओढून घ्यायचं. आत ज्वारीच्या कणगीशेजारी नदीतल्या गोट्यांचा ढीग असे. घालणारी बाई ज्वारी ओते आणि तेवढ्याच वजनाचे गोटे भरून बाहेर येई. घेणारी बाई घरून गोटे आणी, ते ढिगावर टाकी आणि ज्वारी भरून नेई. जाताना दुरडी जड, येतानाही जड. बघणाऱ्याला काय कळणार? कितीतरी वर्षं असं चाललं. गावात आजारपणं आली, घरं जळाली, कर्ती माणसं गेली, पण उपाशी कोणी झोपलं नाही.

मग गावाला नवा कारभारी मिळाला. हुशार होता, कामसूही होता. फक्त आपण केलेलं काम चार लोकांनी पाहिलं नाही तर त्याला अन्न गोड लागत नसे. पहिल्याच दिवशी तो कोठारात शिरला आणि गोट्यांचा ढीग पाहून त्याचं डोकं फिरलं.

"धान्याच्या जागी दगड! ही काय शिस्त झाली?" असं म्हणून त्याने गाडीभर गोटे नदीत फेकून दिले.

टोपल्या विणणारी म्हणाली, "कारभारी, ते गोटे कामाचे होते."

"कसल्या कामाचे? एखादी खाऊनपिऊन सुखी बाई फुकट ज्वारी नेत असेल, तर कळायला नको?"

"आजवर नेली का कुणी?"

"तेच तर कळत नाही ना!"

पुढच्या सोमवारी बायका आल्या, तर कोठाराचं दार काढून ठेवलेलं. उंबऱ्याशी कारभारी बसला होता आणि शेजारी हलगीवाला. येईल तिने झाकण काढायचं. ज्वारी घातली तर हलगी वाजे, नाव पुकारलं जाई, लोक टाळ्या पिटत. ज्वारी न्यायची असेल तर तिने ओट्यावर उभं राहून आपली अडचण सांगायची, मग कारभारी ठरवणार. आणि गावाला हे आवडलं! सांगताना लाज वाटते, पण आवडलं. दोन वेळा पोटभर जेवणारी माणसं शेजारणीची अडचण ऐकायला हातातली कामं टाकून येऊन बसली.

त्या रांगेत एका विणकराची बायको होती. नवरा तापाने अंथरुणाला खिळलेला, माग बंद. गावात सून म्हणून आल्यापासून तिने याच कोठारात ज्वारी घातली होती. आज पहिल्यांदाच तिच्या दुरडीत गोटे होते.

"झाकण काढा," कारभारी म्हणाला.

तिने काढलं. गोटे दिसले तशा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बोला, काय अडलंय? जरा मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जात नाही."

तिने तोंड उघडलं. समोर जावा बसल्या होत्या, नवऱ्याकडून कापड नेणारी माणसं बसली होती. तिने झाकण लावलं आणि तशीच घरी गेली. खरंच गरज असती तर बोलली असती, असं कारभारी म्हणाला आणि चार शहाण्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर महिनाभर मागायला कोणीच आलं नाही. कोठार आढ्यापर्यंत भरलं. कारभाऱ्याने दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! आपल्या गावात आता एकही गरजू उरला नाही!"

त्याच सकाळी विणकराची सहा वर्षांची मुलगी टोपल्या विणणाऱ्या म्हातारीच्या अंगणात येऊन कोसळली. म्हातारीने तिला उचललं, तर अंगात वजनच नाही.

"काय खाल्लंस गं बाय?"

"खळ," पोर म्हणाली.

सुताला ताठपणा यावा म्हणून विणकर त्याला पिठाची खळ लावतात. मडक्याच्या तळाशी उरलेली, आंबून बुरशी धरलेली ती खळ आई आठ दिवस पाण्यात कालवून तिला पाजत होती.

म्हातारीने पेज केली. थोडी थोडी करत भरवली. पोर डोळे उघडून गिळू लागली तेव्हा तिला घरी नेऊन आईच्या मांडीवर दिली. मग म्हातारी रागाने उठली. ती एकेका घरापुढे उभी राहिली आणि प्रत्येक बाईला एवढंच म्हणाली, "मी दिलेली दुरडी काढ. नदीवर चल."

दुपारी गावातल्या झाडून साऱ्या बायका कोठाराशी आल्या. पहिलीने झाकण काढलं आणि दुरडीतले गोटे धडाधड कारभाऱ्याच्या पायाशी ओतले.

"मला ज्वारी पाहिजे."

"आधी अडचण सांगा."

"नाही सांगत."

दुसरीने ओतले, तिसरीने ओतले. ढीग त्याच्या गुडघ्यापर्यंत आला, तेव्हा समोर त्याची स्वतःची बायको उभी होती.

"अगं, आपल्या घरी कणगी भरलीय!"

"मला ज्वारी हवी," ती म्हणाली. "वाजवायला सांगा हलगी. पुकारा माझं नाव."

कारभारी घामाघूम झाला. "अहो, पण तुमच्यात खरी गरजू आहे तरी कोण?"

आजवर त्याला अहोजाहो करणारी म्हातारी आता अरेतुरेवर आली.

"ते तू विचारायचंच नव्हतंस! अरे, या गावातलं एक लेकरू आज भुकेनं जाता जाता वाचलंय."

"कुणाचं?"

"बघ! अजून नावच पाहिजे तुला! कोठार भरलं म्हणून दवंडी पिटतोस? उपाशी माणसं तुझ्या ओट्यावर चढेनात, म्हणून भरलंय ते. आणि तुम्ही रे, टाळ्या पिटणारे! काय बघायला बसला होतात इथे?"

कोणी वर पाहिलं नाही. बायकांनी दुरड्या भरल्या, झाकणं लावली आणि चालू लागल्या. त्यांच्यात विणकराची बायकोही होती, पण ती कोणती हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळच्या आत दार पुन्हा बसवलं गेलं. गोटे कारभाऱ्यालाच आत वाहून न्यायला लावले, त्याच्या स्वतःच्या हातांनी, शेवटच्या गोट्यापर्यंत. हलगीवाला आला होता. त्याला बायकांनी घरी पाठवून दिलं.

तात्पर्य : अडलेल्याला द्यायचं तर झाकण लावलेलंच राहू द्यावं. देण्याआधी ज्याला समोरच्याची मान खाली गेलेली बघायची असते, तो देण्याच्या नावाखाली लुटत असतो.