पहिल्या रोज्याचं चॉकलेट

खाडीवर संध्याकाळ हळूहळू विरघळत होती. सात वर्षांच्या अफराचा आयुष्यातला पहिला रोजा नुकताच सुटला होता. कबूल केल्याप्रमाणे तिच्या आईने, शमीमने, तिला चॉकलेट भरवलं. पोरीने डोळे मिटले आणि जणू ढगावरच जाऊन बसली.

"थुंक ते!" शेजारीच खजूर खात बसलेले जमातीचे अध्यक्ष दाऊदचाचा गरजले. "हराम आहे. रोजा फुकट गेला!"

चॉकलेट गालात तसंच धरून अफरा पुटपुटली, "अम्मी, अल्लाह माझ्यावर रागावला?"

शमीमने वेष्टन पुढे केलं. "चाचा, यात दूध, साखर न् कोको. दुसरं काही नाही."

"मला शिकवतेस? खाल्ल्याबरोबर डोळे मिटले, म्हणजे नशाच. आणि नशा हराम!"

शमीमने ओढणी सावरली न् हळूच म्हणाली, "चाचा, मघाशी रोजा सोडताना पहिल्या खजुराला तुमचेही डोळे असेच मिटले होते. मग तुमचाही रोजा गेला का?"

चाचांनी हातातल्या खजुराकडे पाहिलं. मग त्यांनी अफराच्या डोक्यावर हात ठेवला. "अल्लाह तुझा रोजा कबूल करो, बेटी."

अफराने पुन्हा डोळे मिटले आणि गालातलं चॉकलेट सावकाश गिळलं.