सुतळीचं पांघरूण

ऐका हं, ऐका! आमच्या समोरच्या गॅलरीत आहे एक पेटी.
पेटीत काय? भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याच्या साली.
ते सगळं खातं कोण? गांडुळं! खातात आणि माती करतात. काळी काळी, मऊ मऊ.

त्यांच्यात एक गांडूळ अगदी पिटुकलं. सुतळीएवढं बारीक. म्हणून तिचं नाव सुतळी.

पेटीवर होतं एक पांघरूण. गोणपाटाचं, ओलं ओलं, गार गार.
पांघरुणाखाली अंधार. अंधारात सगळी जेवत होती.
मच मच मच! मच मच मच!

तेवढ्यात आला वारा. भुर्रर्र!
पांघरूण उडालं. वर गेलं आणि कढीपत्त्याच्या फांदीवर अडकलं.

"अगं बाई!" सुतळी म्हणाली. "पांघरूण गेलं!"
"उजेड, उजेड!" भावंडं ओरडली. "आता ऊन येईल. आपलं अंग सुकेल!"
जेवण थांबलं. सगळी एकमेकांना चिकटून बसली.
"थांबा," सुतळी म्हणाली. "मी आणते पांघरूण."

ऊन आलं कठड्यावर.

सुतळी निघाली. वळवळ वळवळ, सुळुक!
गेली कढीपत्त्याकडे.
"कढीपत्तादादा, कढीपत्तादादा, पांघरूण सोड!
पेटीवर सावली पडेना,
भावंडं माझी जेवेनात!"
कढीपत्ता म्हणाला, "अंहं! मला लागलीय तहान. आधी पाणी, मग पांघरूण."

सुतळी निघाली. वळवळ वळवळ, सुळुक!
गेली झारीकडे.
"झारीताई, झारीताई, पाणी घाल!
कढीपत्ता पांघरूण सोडेना,
पेटीवर सावली पडेना,
भावंडं माझी जेवेनात!"
झारी म्हणाली, "अंहं! माझं पोट रिकामं. बघ, वाजतंय कसं. ठण ठण! आधी नळाचं पाणी, मग माझं पाणी."

ऊन आलं फरशीवर.

सुतळी निघाली. वळवळ वळवळ, सुळुक!
गेली नळाकडे. नळाखाली होतं थोडं ओलं. सुतळीने त्यात अंग भिजवून घेतलं. हाऽऽ, गार गार!
"नळोबा, नळोबा, पाणी सोडा!
झारी पाणी घालेना,
कढीपत्ता पांघरूण सोडेना,
पेटीवर सावली पडेना,
भावंडं माझी जेवेनात!"
नळ म्हणाला, "अंहं! माझा कान कोण पिळणार? तू? तुला तर हातच नाहीत! आधी कुणीतरी मला फिरवा, मग पाणी."

सुतळी निघाली. वळवळ वळवळ, सुळुक!
गॅलरीच्या दारात उभे होते रेवूचे बाबा. एका हातात खुळखुळा. दुसऱ्या हातावर छोटी रेवू.
रेवू रडत होती. भ्यांऽऽ!
"रेवूचे बाबा, रेवूचे बाबा, नळ फिरवा!
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी घालेना,
कढीपत्ता पांघरूण सोडेना,
पेटीवर सावली पडेना,
भावंडं माझी जेवेनात!"
बाबा म्हणाले, "अगं, फिरवू कसा? खुळखुळा ठेवला की ही आणखी रडते! आधी रेवूचं हसू, मग नळ."

ऊन आलं पेटीच्या पायाशी.

सुतळीने मान वर केली. वर, वर, आणखी वर.
"रेवू, रेवू, हस ना!
बाबा नळ फिरवेनात,
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी घालेना,
कढीपत्ता पांघरूण सोडेना,
पेटीवर सावली पडेना,
भावंडं माझी जेवेनात!"
रेवू म्हणाली, "भ्यांऽऽऽ!"
तिला काही ऐकूच येईना.

ऊन आलं पेटीच्या काठावर!

"आता गं काय करू?" सुतळीलाच रडू यायला लागलं.
ती शेपटीवर उभी राहिली. ताठ. अगदी ताठ.
"रेवूऽऽऽ!"
आणि तोल गेला. धुप्प!
सुतळीची झाली चकली. गोल गोल गोल.
रेवूने खाली पाहिलं. "भ्यां..." म्हणता म्हणता थांबली.
"अरेच्चा!" सुतळी म्हणाली. "हिला आवडलं वाटतं!"
मग सुतळी झाली शेवई. लांब लांब लांब.
मग इकडून वळली, तिकडून वळली, स्वतःच्याच शेपटीखालून गेली. आणि बसली गाठ!
"सोडवा, सोडवा!" सुतळी ओरडली.
रेवू हसली. खुदकन! खुदुखुदु, खुदुखुदु! हसता हसता तिला उचकी लागली.
सुळुक! गाठ सुटली.

रेवू हसली,
बाबांनी नळ फिरवला. कर्र कर्र!
बाबांनी नळ फिरवला,
नळाने पाणी सोडलं. धो धो धो!
नळाने पाणी सोडलं,
झारीने पाणी घातलं. झर झर झर!
झारीने पाणी घातलं,
कढीपत्ता प्यायला. गट गट गट! पानं हलली, फांदी डुलली, पांघरूण भिजलं, जड जड झालं,
आणि कढीपत्त्याने पांघरूण सोडलं. थप्प!
बरोब्बर पेटीवर!

पेटीवर सावली पडली.
ऊन बिचारं काठावरच राहिलं.

"आणि मी?" सुतळी म्हणाली. "मी बाहेरच की!"
बाबांनी ओला तळहात पुढे केला. सुतळी चढली. वळवळ वळवळ, सुळुक!
"गुदगुल्या होतायत गं!" बाबा म्हणाले. त्यांनी पांघरुणाचं टोक उचललं आणि सुतळीला हळूच आत सोडलं.
"आली, आली! सुतळी आली!" सगळी भावंडं तिला बिलगली.

तेवढ्यात आई आतून आली. हातात पपईच्या साली.
"रेवू, टाकतेस का गं?"
आईने पांघरुणाचं टोक उचललं, रेवूने एक साल टाकली. टप्प! दुसरी टाकली. टप्प!
"मम्मं," रेवू म्हणाली.
"हो गं, त्यांची मम्मं," आई म्हणाली आणि तिने पांघरूण नीट घातलं.

अंधार झाला. गार गार झालं.
"पहिला घास सुतळीचा!" भावंडं म्हणाली.
सुतळीने खाल्ला पहिला घास. गोड गोड!
मग सगळी जेवायला लागली.
मच मच मच! मच मच मच!
सुतळीचं पोट टम्म. भावंडांची पोटं टम्म.

साल मुरली पेटीत,
गोष्ट शिरली कुशीत!