नांगराचा नियम

नांगर बैलांशिवाय, आपला आपण चालू लागला, त्या काळची ही गोष्ट. टिटवीने शेताच्या मधोमध, उघड्या ढेकळांत चार अंडी घातली होती. सकाळी नांगर वरच्या बांधापासून निघालेला दिसला, तशी ती जनावरांच्या सभेत उडत आली.

"माझा ओरडा ऐकला की बैल वळसा घालायचे," ती म्हणाली. "याला कान नाहीत. थांबवा त्याला."

"थांबवायचा अधिकार कुणाचा, ते आधी ठरवू," अध्यक्ष कोल्हा म्हणाला.

"अहो, आधी थांबवा, मग बसा ठरवत!" म्हातारा बैल ओरडला.

"काम गेलं म्हणून जळताय, बैलोबा," ससा म्हणाला आणि सगळे हसले.

नांगर चांगला की वाईट, यावर दुपारभर बोलणं झालं. उन्हं कलताना नियम एकमताने मंजूर झाला. यापुढे नांगरासमोर कुणीतरी डोळस चालेल आणि तो सांगेल तिथे नांगर थांबवायचा. तोवर सगळं शेत नांगरून झालं होतं.

सभेला वाईट वाटलं. "या नियमाला तुझ्या पिल्लांची नावं देऊ," कोल्हा हळू आवाजात म्हणाला. "काय नावं होती त्यांची?"

"अजून ठेवायची होती," टिटवी म्हणाली.